दाढ

वडील गेल्यावर पदकाची डबी उघडली
तर आत दाढ.

पदक दोन दिवसांनी सापडलं, शेडमध्ये,
खिळ्यांच्या बरणीत, तळाशी.
जांभळ्या-पांढऱ्या तिरक्या फितीला ग्रीसचा वास.
राजाचा चेहरा मात्र कोरा करकरीत.
कुणी हातच लावला नव्हता त्याला.

आणि डबीतल्या मखमलीवर,
पदकासाठी केलेल्या खळग्यात,
ही पिवळी, दोन मुळांची, एका अंगाने किडलेली,
नीट बसवलेली.
अक्कलदाढ नव्हे. साधी, चावायची.

चव्वेचाळीसचा मार्च, लिंकनशायर.
गाल सुजून बटाट्याएवढा.
डॉक्टर म्हणाला, वीस हजार फुटांवर वेडा होशील,
आज जमिनीवर राहा.
चार वाजता दाढ काढली.
साडेसातला विमान गेलं.

ऑब्री स्टॅनिफर्थ, पायलट,
जो प्रत्येक वेळी उडण्याआधी डाव्या चाकावर लघवी करायचा.
इद्रिस प्रोबर्ट, ज्याच्या शिव्या वेल्शमधून,
देवाला कळाव्यात पण सार्जंटला नको म्हणून.
लॉर्न केटलसन, कॅनडाचा. त्याचं काहीच सांगत नसत,
नाव घेऊन थांबत.
सिरिल थ्रेडगोल्ड वडिलांचे अकरा शिलिंग देणं लागत होता.
वडिलांनीच अकरा शिलिंग त्याच्या आईला पाठवले,
मी त्याचं देणं लागतो, असं खोटं लिहून.
दोघे तोफवाले, ईस्टो आणि ब्रीम.
ब्रीम एकोणीसचा, शेपटीत एकटा बसणारा,
मोज्यात आईने पाठवलेला केकचा तुकडा.

हे सहा.

सातवा दुपारी झोपडीच्या दारात आला होता.
वडिलांच्या तोंडात कापसाचा बोळा, रक्त, लाळ.
तो म्हणाला, तुमच्या टेबलाला दोरीने बांधलेली पेन्सिल आहे,
ती मी वापरली तर चालेल ना?
वडिलांनी मान हलवली.
नाव विचारता आलं नाही.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणतात.
अर्धंच वाक्य आहे हे.
वेळ आली होती.
ती शेजारच्या दाराने आत गेली.

पदक मेमध्ये मिळालं, जानेवारीतल्या एका रात्रीसाठी:
नकाशे वाऱ्याने उडून गेले असताना
ताऱ्यांवरून विमान घरी आणलं म्हणून.
नंतर एकतीस वर्षं ते पाटबंधारे खात्यात,
या दलदलीतल्या चरांची मापं घेत,
पाण्याला समुद्राची वाट दाखवत.
धावपट्टीवर आता कोंबड्यांच्या शेड आहेत.
तिथून जाताना वडील गाडीची काच वर करायचे.
वासामुळे, म्हणायचे.

मागच्या शरदात मी गेले.
क्लेव्हजवळचं जंगल, हजारो पांढरे दगड.
त्यांचे सात एकमेकांना खेटून उभे,
कारण कोण कुठला हे वेगळं करता आलं नव्हतं.
सहा नावं मला पाठ होती.
सातवं वाचलं: मॉरिस लिव्हरसिज, वय एकवीस.
मोठ्याने वाचलं, दोनदा.
गवत कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं
आणि मला पाणी हवंय का, विचारलं.

दाढ तिथे पुरायची असं ठरवून नेली होती.
पुरली नाही.
त्याच्या जमिनीत ह्यांचं अजून काय ठेवायचं.
खिशातून परत आणली.

शेवटच्या आठवड्यात, बॉस्टनच्या इस्पितळात,
कुणी काही विचारलेलं नसताना
वडील मान हलवायचे,
हळू, दोनदा, तोंड मिटून.
नर्सला वाटायचं, चहाला हो म्हणतायत.
ती आणून ठेवायची.